बिनकागदाची खोली

बुधवारा, अमरावती
९ जानेवारी २०२४

श्री. शेख वाहेद शेख गनी,
ताजनापेठ, अकोला यांस,

स.न.वि.वि.

आपल्याला ‘आपण’ लिहिताना हात अडखळला, हे आधीच सांगून टाकतो. मूर्तिजापूरच्या शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासून ही पहिलीच वेळ. पण ज्या घरातून वकिलाची नोटीस येते, त्या घराला कसं लिहावं हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी स्वतः जन्मभर पोरांना पत्रलेखन शिकवलं, पण त्या धड्यात हा नमुना नव्हता.

नोटीस परवा आली. वच्छलाला मी वाचून दाखवली नाही. मजकूर असा, की घराची मागची खोली मी मालकाच्या लेखी संमतीशिवाय बांधली, विटा-सिमेंटचं पक्कं बांधकाम केलं, ही भाडे कायद्याची पायमल्ली आहे, सबब महिन्याभरात घर रिकामं करून ताबा द्यावा. खाली ‘आमचे अशील, सदर घराचे मालक’ म्हणून मुजम्मिलचं नाव आहे. स्वतःच्या नावानं लिहायला आपल्याला संकोच वाटला असावा आणि म्हणून मुलाचं नाव पुढे केलं असावं, असं मी समजतो. तो संकोच मी आपल्या बाजूनं धरतो. आता धरायला तेवढंच उरलंय.

घर आपलं आहे. माझं त्यात काय आहे हे मला ठाऊक आहे आणि काय नाही हेही ठाऊक आहे. पण भाडं कधी थकवलं नाही, घराला कधी तडा जाऊ दिला नाही, आणि आपल्या अब्बांना विचारल्याशिवाय अंगणातलं सीताफळाचं झाडसुद्धा छाटलं नाही.

मला एकच विचारायचं आहे. त्या खोलीची चौकट आपल्याला आठवते का? आठवत नसेल तर तसं कळवावं. मी भांडणार नाही. सामान बांधीन.

आपला भाडेकरू,
कि. स. गावंडे


ताजनापेठ, अकोला
१५ जानेवारी

अबे किसन,

तुह्या त्या ‘स.न.वि.वि.’ले लागली आग! पत्र फोडलं अन् वाटलं का नगरपालिकेचं आलं. दोनदा पाकीट उलटून पाह्यलं. म्हटलं, हा ‘आपण’ कोण बे आमच्या घरात? खाली तुही सही पाह्यली तवा डोक्यात उजेड पडला, अन् मंग डोकंच फिरलं.

फोन करून शिव्या देल्ल्या असत्या, पण माह्या कानाचं तुले मालूमच हाये. मशीन लावलं का आतमंदी शिटी वाजते, अन् बोलणारा माणूस आपला मुक्यानं तोंड हालवून राह्यला असं दिसते. म्हणून लिहून राहिलो. शिव्या तू मनानं भरून घेजो, जागा सोडली हाये.

नोटीस मी पाठोली नाई. अल्लाकसम, मले मालूमच नव्हतं. मुजम्मिलले विचारलं तर म्हणते, “अब्बा, तुम्ही यात पडू नका.” मी काहून पडू नको? मीच त पडलो यात, तुह्या जन्माच्या आधीपासून, असं त्याले म्हटलं. त्यानं तोंड फिरोलं. त्याच्या माह्यात सध्या हलीमाबी निरोप पोचोते. घरात दोन मर्द, अन् डाक वाटणारी एक बाई.

अन् चौकट आठवते का म्हणून मले विचारतं? एसटीच्या टपावर कोणी बांधली होती? माही पाठ आठवते तुही चौकट! मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, कंडक्टर बोंबलूनच राह्यला होता का उतरव म्हणून. अन् मी खिडकीतून मुंडकं काढून वर पाहूनच राह्यलो होतो का हाये का गेली.

ते जाऊ दे. कामाचं ऐक. सोबत एक कागद पाठोला हाये. त्यात लिवलं का खोली बांधायले आमची परवानगी हाये, अन् खाली माही सही. तारीख तवाची टाकली. कागद वखारीच्या जुन्या वहीतला फाडला, पिवळा पडलेला. वरून चहाचा डाग पाडला. कोणाचा बाप बोट ठिवू शकत नाई. जा, कोर्टात दाखोव.

वहिनीले सलाम सांग. त्यायच्या डोळ्याचं काय झालं? नोटिशीच्या आधीच्या पत्रात तू अर्धंच लिवलं होतं.

तुहा मालक (अन् तू लेका माहा भाडेकरू, हे ध्यानात ठिव),
वाहेद


अमरावती
२२ जानेवारी

प्रिय वाहेद,

तुझा कागद परत पाठवतो आहे. रागावू नकोस. डाग मात्र सुरेख पडलाय. शाळेत तुला चित्रकलेत कोणी पास करत नव्हतं, ते मास्तर आज हवे होते.

पण तो मला चालत नाही. का, ते सांगतो. परवानगी तर खरीच होती. मग खरी गोष्ट खोट्या तारखेनं कशाला झाकायची? खोटी तारीख घातली की ती परवानगीच खोटी होते. आणि उद्या वकिलानं विचारलं, की हा कागद कधी लिहिला, तर मी काय सांगू? तू सांगशील, मला ठाऊक आहे, आणि छातीठोक सांगशील. मी मात्र पहिल्याच प्रश्नाला घाम फुटून खाली बसेन.

कागद नव्हता, कारण मागायचा नसतो. आपल्या मोहल्ल्यातला रिवाज तुला मी काय सांगावा! घर भाड्याचं असलं तरी एखादी खोली वाढवायची झाली, तर भिंती राहणाऱ्यानं उभ्या करायच्या आणि चौकट मालकानं द्यायची. मालकाकडून चौकट आली की कामाला हात लावायचा. चौकट घेऊन वर कागद मागणारा माणूस म्हणजे मालकाच्या तोंडावर ‘तुमचा भरवसा नाही’ म्हणणारा. या ओळीतल्या कोणत्याच घरात तसा कागद सापडायचा नाही.

सीमा तेव्हा बारावीत होती. पुढच्या दोन खोल्यांत पाहुणे, शिवणयंत्र, माझी शिकवणी. पोरीला अभ्यासाला कोपरा नाही. मी गनीसेठना विचारायला अकोल्याला आलो. वखारीत ते लाकडं मोजत होते. मी अर्ध्यावर बोलत होतो तोच म्हणाले, “पोरगी शिकून राह्यली ना? मंग पुसतं काय?” आणि परतवाड्याच्या लिलावात घेतलेलं, सेमाडोहकडचं सागवान त्यांनी स्वतः थोपटून पाहिलं, सुताराला चौकट सांगितली, आणि चार माणसांसमोर तिच्यावर वखारीचा छापाचा घण मारला. गोलात ‘ग’. त्या खोलीत शिकून सीमा आज परभणीला प्राध्यापक आहे. तुझ्या अब्बांच्या चौकटीतून ती आत गेली आणि डॉक्टरेट घेऊन बाहेर आली, असं मी वर्गात सांगत असे. पोरं हसायची. मी खरंच सांगत असे.

आता वच्छलाबद्दल. त्या पत्रात अर्धं लिहिलं कारण उरलेलं मला लिहवेना. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरली तेवढी सांभाळा. कडांनी अंधार आत येतोय आणि मधे एक फिका कवडसा उरलाय. रस्त्यावर ती माझा हात सोडत नाही. सीमाकडे दिवाळीला गेलो, तर तिथं न्हाणीघरापर्यंत जायला तिला हाक मारावी लागे, आणि तुला तुझी वहिनी माहीत आहे, तिला हाक मारणं म्हणजे मरण. ती चार दिवस पाणीच कमी प्यायली.

पण इथं? इथं ती चहा करते, तुळशीला पाणी घालते, डब्यातली डाळ हातानं ओळखते, आणि मी चष्मा शोधत असलो की तो मला आणून देते. कुठं उंबरा आहे, कुठली फरशी जरा उचललेली आहे, हे तिच्या पायांना पाठ आहे, जशा तुला-मला सहावीतल्या कविता. शकुंतला रेल्वेत बसून त्या आपण म्हणायचो, आठवतं? गाडी इतकी हळू, की कविता संपायची आणि स्टेशन यायचं नाही. मग मी माझीच जोडायचो:

गाडी चाले हळूहळू, बाभळीशी बोलून,
कोण घाईत आहे बापा, जावं त्यानं चालून.

तू म्हणायचास, “हे पुस्तकात नाई बे.” आता त्या रुळांवरच बाभळी उगवल्यात.

तर वाहेद, प्रश्न माझा नाही. हे घर सुटलं, तर वच्छला त्या दिवशी आंधळी होईल. एवढंच आहे सगळं.

करिश्मा नावाची एक वकील आहे इथं. सातवीत कविता पाठ केली नाही म्हणून मी तिला तासभर उभं केलं होतं. आता ती मला तिच्या ऑफिसात बसवते आणि स्वतः उभी राहून बोलते. तिनं एकच विचारलंय: मुजम्मिल मालक कधीपासून झाला? कळव.

तुझा,
किसन


अकोला
२६ फेब्रुवारी २०२४

किसनकाका,

सलाम.

तुमचं अब्बांना आलेलं पत्र अम्मीनं मला वाचायला दिलं. अब्बा माझ्याशी महिनाभर बोललेले नाहीत, म्हणून उत्तर मी लिहितोय. मी तुमच्या मांडीवर बसून बाराखडी म्हटलेली आहे. नोटीस पाठवताना ते विसरलो नव्हतो. पण काही गोष्टी समोरासमोर बोलता येत नाहीत, म्हणून वकिलाकडून बोललो. चुकलं असेल.

वखार बंद झाली, हे तुम्हाला माहीत नसेल. अब्बा सांगायचे नाहीत. लोक आता तयार दरवाजे घेतात, चौकटी लोखंडी बसवतात, सागवान कोणी विचारत नाही. आरा विकला, घण भंगारात गेला. आता माझ्याकडे अकोल्यात राहतं घर आणि अमरावतीत तुमचं घर, एवढंच आहे. मिस्बाह दातांची डॉक्टर होतेय. खाली तिचा दवाखाना आणि वर दोन मजले, असं बांधायचा माझा विचार आहे. मी पोरीसाठी करतोय. तुम्हीही पोरीसाठीच खोली बांधली होती ना?

मी तुम्हाला रस्त्यावर काढत नाही. नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या तुम्हाला देईन, त्याच भाड्यात, लिफ्टसह. हे कागदावर लिहून देतो. काकूंना सवय होईल.

मालकीचं विचारलंत. दोन वर्षांपूर्वी, बायपास ऑपरेशनच्या आधी, अब्बांनी ते घर मला हिबा केलं. हिबा म्हणजे बक्षीस. आमच्यात त्याला कागद लागत नाही. मामूजान होते, मशिदीचे दोन बुजुर्ग होते, शेजारचे वकीलसाहेब होते. अब्बा म्हणाले, दिलं. मी म्हणालो, कबूल. घर माझं झालं. मिळकत पत्रिकेवर नाव लावायचं काम चालू आहे. ‘किसनला मी कळवतो,’ असं अब्बाच तेव्हा म्हणाले होते.

खोलीचं तुम्ही लिहिलंत ते खरं असेल. पण काका, तुम्ही शिकलेले आहात. तोंडी बोलणं वेगळं आणि कागद वेगळा. कोर्ट कागद मागतं.

विचार करून कळवा.

तुमचा,
मुजम्मिल


बुधवारा, अमरावती
४ मार्च २०२४

चि. मुजम्मिल यास अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर सुधारलंय. ‘ळ’ अजून तसाच, शेपटी वर गेलेला. बाराखडीच्या वेळीही तू त्याला पाय देत नव्हतास.

वखार गेल्याचं वाचून मी बराच वेळ अंगणात बसलो. मला खरंच माहीत नव्हतं. वाहेदनं मागच्या पत्रातही ‘वखारीच्या वहीतला कागद’ असंच लिहिलं, जणू वखार आजही उघडी आहे आणि तो गादीवर बसलाय.

तुझं पत्र मी करिश्माला दाखवलं. ती वाचत गेली आणि ‘हिबा’ शब्दापाशी थांबली. मग मलाच विचारू लागली.

“सर, घर मुलाला दिलंय, असं तुम्हाला कोणी कळवलं होतं?”

“नाही.”

“दोन वर्षं भाडं कोणाला पाठवताय?”

“वाहेदला. दर महिन्याला. तो घेतो आणि पोचपावतीवर ‘मिळालं, लेका’ असं लिहितो.”

तिनं टेबलावर थाप मारली. “सर, केस संपली!” मला काही कळेना, तेव्हा तिनं समजावून सांगितलं, आणि तुलाही समजावं म्हणून मी ते लिहितो. हिब्याला कागद लागत नाही, हे तुझं बरोबर. पण देणाऱ्यानं देतो म्हणावं, घेणाऱ्यानं घेतो म्हणावं, आणि वस्तूचा ताबा द्यावा, या तीन गोष्टी मात्र लागतात. घरात भाडेकरू असेल तर निदान त्याला सांगावं लागतं, की बाबा, आजपासून मालक हा, भाडं याला दे. ते तुझ्या अब्बांनी केलं नाही. म्हणून, करिश्मा म्हणाली, हिबा अर्धाच झाला. घर अजून वाहेदचं. तू मालक नाहीस. तुझ्या नोटिशीला अर्थ नाही. “एका कागदात उडवते,” म्हणाली. सातवीत कविता पाठ झाली असती तर इतकी खूश झाली नसती.

मी घरी आलो आणि वच्छलाला सगळं सांगितलं. नोटिशीपासून. ती म्हणाली, “मले तवाच कळलं होतं. नोटीस आली त्या दिवसापासून तुमी सकाळची कविता म्हणणं बंद केलं.” मग तुझ्या दुसऱ्या मजल्याचं सांगितलं. ती सुपातले तांदूळ निवडत होती, बोटांनी. म्हणाली, “पोरगं वाईट नाई. पण त्याले लिहा का इथं मले दिसते. तिथं दिसणार नाई.”

आता माझं उत्तर.

तुझ्या बापानं चार माणसांसमोर तुला शब्द दिला. तो माझ्या सोयीसाठी मी खोटा पाडणार नाही. वाहेद देतो म्हणाला ना? मग दिलं. मला त्यानं सांगितलं नाही, तू सांगितलंस. मी ऐकलं. या महिन्यापासून भाडं तुझ्या नावानं येईल आणि तसं मी वाहेदला वेगळं कळवतो आहे. हे घर तुझं, मी तुझा भाडेकरू. करिश्मा डोक्याला हात लावून बसली आहे. ती म्हणते, सर, तुम्ही स्वतःच्या हातानं ढाल टाकून दिली. असेल. पण ती ढाल माझी नव्हती. तुझ्या अब्बांच्या राहून गेलेल्या एका गोष्टीची होती.

तुझ्या आजोबांनीही चार माणसांसमोरच घण मारला होता. तोही शब्दच. मी दोन्ही शब्द मानतो. तू त्यातला एकच मानतोस. कोणता मानायचा हे तुझं तू ठरव, मी शिकवणार नाही; माझी शिकवणी कधीच बंद झाली.

आता तुझी नोटीस खरी झाली आहे. पुढचं पाऊल टाकायचं असेल तर टाक. कोर्टात मी उभा राहीन आणि जे झालं ते सांगेन. कागद नव्हता, हेही मीच आधी सांगेन. मग न्यायाधीश म्हणतील तसं. पण मिनतवारी करून दुसऱ्या मजल्यावर मी जाणार नाही, आणि बायकोला तिच्या उजेडातून माझ्या हातानं बाहेर काढणार नाही.

मिस्बाहला सांग, दातांची डॉक्टर होतेय याचा मला फार आनंद झाला. माझ्या उरलेल्या दातांवर तिचा पहिला हक्क.

तुझा,
किसनकाका


अकोला
१९ मार्च

किसन,

तुह्यं पत्र मुजम्मिलनं मले नाई दाखोलं. त्याच्या मायले दाखोलं. तिनं वाचलं, डोळे पुसले, अन् मले आणून देल्लं. मी वाचून दुपारभर जिन्यावर बसलो. रोजा होता म्हणून बरं, नाईतर कोणी चहा आणला असता अन् मले बोलावं लागलं असतं.

पोरगं दोन दिवसांपासून तुह्यं पत्र खिशात घेऊन फिरून राह्यलं. काल इफ्तारच्या वख्ताले माह्याजवळ आलं. कानापाशी तोंड आणून वरडलं, “अब्बा, काकांनी असं काहून केलं? वकिलीण तर जिंकवून देत होती!” दोन महिन्यानं बोललं, अन् बोललं तेही तुह्याबद्दल. मी म्हटलं, तुले नाई समजणार. मंग वाटलं का समजोवाच लागते, नाईतर मी बाप कायचा?

घर देल्ल्याचं तुले काहून नाई सांगितलं विचारशील. त आयक. तू पत्रात मले ‘मालक’ म्हणतं, चिडोतं. वखार गेली. आता मले मालक म्हणणारा या दुनियेत तू एकटाच उरला होता. ते एक मले ठेवावं वाटलं. बस.

ईद झाली का येतो. पोराले घेऊन येतो. जे अर्धं राह्यलं ते पुरं करायले. वहिनीले म्हणावं, पुरणपोळी नको, साखर वाढली. ज्वारीची भाकर अन् ठेचा.

वाहेद


बुधवारा, अमरावती
२८ एप्रिल २०२४

हलीमाभाभी, सलाम.

तुमचा नवरा सुखरूप आहे, आणि तो परत यायला तयार नाही. म्हणून हे पत्र. मुजम्मिलनं घरी येऊन सांगितलं असेलच, पण तो थोडक्यात सांगणारा. आणि तुम्ही इतके महिने दोन्हीकडची डाक वाहिली, तर शेवटचं पत्र तुमच्या नावानं यावं असं मला वाटलं.

बापलेक भर उन्हात आले. वच्छलानं दारातच पावलांवरून ओळखलं, “मुजम्मिल, तू जाड झाला रे, पायरी वाजली.” जेवणं झाली. मुजम्मिल खाली मान घालून जेवला. बरोबर तो मोजायचा टेप घेऊन आला होता, तो मी पाहिला.

मग वाहेद उठला आणि मागच्या खोलीकडे निघाला. उन्हासाठी आम्ही तिथली खिडकी बंद ठेवतो, ओलं तागाचं पोतं टांगतो. एक पंखा आणि एक दिवा. आम्ही दाराशी पोचलो आणि लाइट गेली. अंधार असा, की बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला काही म्हणता काही दिसेना. मुजम्मिल उंबऱ्याला ठेचकाळला. मी भिंत चाचपत उभा. वाहेद “किसन, कुठं हायेस बे?” म्हणून ओरडतोय.

आणि वच्छला आमच्यामधून सरळ चालत आत गेली. तिनं मुजम्मिलचा हात धरला. “पाय उचल. इथं उंबरा. आता दोन पावलं सरळ, डावीकडे खाट हाये, गुडघा आपटशील. हं, बस.” त्याला बसवून परत आली, वाहेदला नेलं, मग मला. आम्हा तिघांना तिनं खाटेवर ओळीनं बसवलं, जसं मी पोरांना बसवायचो.

मग वाहेद खिशातून किल्ली काढून दाराशी गेला आणि चौकटीवरचा रंग खरवडू लागला. चाचपडत, इकडे तिकडे. “इथंच होता, कसा सापडून नाई राह्यला.” वच्छला म्हणाली, “भाऊजी, उजव्या अंगाले. माह्या कमरेएवढ्यावर. रंगाखालूनबी लागते.” तिनं त्याचं बोट धरून तिथं नेऊन ठेवलं.

मुजम्मिलनं मोबाईलचा उजेड पाडला. रंग निघाला आणि आत गोल उमटला, गोलात ‘ग’. सागवानात खोल बसलेला, कडा अजून तीक्ष्ण. तुमचा मुलगा तिथं उकिडवा बसला. त्यानं बोट त्या गोलावरून फिरवलं. म्हणाला, “दादाजानचा घण मी भंगारात दिला.” मग कितीतरी वेळ बोट तिथंच.

वाहेद त्याच्यासमोर उभा राहिला. त्याचा तो वखारीतला आवाज, तुम्हाला माहीत आहे, भिंती हलतात. “मुजम्मिल, तवा मी तुले नुसतं घर देल्लं, बाकी सांगायचं राह्यलं. आता आयक. हे घर तुले देल्लं. त्यात ही खोली हाये, किसननं बांधलेली, माह्या अब्बाच्या मर्जीनं. ही चौकट हाये. अन् हे दोघं हायेत. हे सगळं धरून देल्लं. कबूल?”

“कबूल,” मुजम्मिल म्हणाला, तिथं बसूनच.

वच्छला म्हणाली, “बाबा, मोठ्यानं सांग. त्यायले ऐकू येत नाई.”

“कबूल!” तो ओरडला. वाहेदनं कानाला हात लावला. “कबूल, अब्बा, कबूल!” शेजारची शकुन धावत आली, कोणाचं लग्न लागतंय म्हणून. लाइट आली ती आम्ही हसत असताना.

भाभी, तुमच्या सासऱ्यांचा अभिमान मला होताच. त्या दिवशी तुमच्या मुलाचा वाटला. जाताना त्यानं टेप पिशवीतून काढलाच नाही. माझ्याकडून कागद मागून घेतला, खोलीत बसून स्वतः लिहिला, त्याच दिवसाच्या तारखेचा: आजोबांनी तेव्हा तोंडी दिलेली संमती मला मान्य आहे, नोटीस मागे घेतो, आणि काकांनंतरही काकू इथंच राहतील. ‘ळ’ सरळ काढलाय. ‘मागे घेतो’ लिहिताना जरा थांबला, तेव्हा मी उठून बाहेर गेलो.

मिस्बाहचा दवाखाना आता राजापेठेत भाड्याच्या गाळ्यात निघणार म्हणे. तिला माझा एक निरोप सांगा: तिथं भिंतीत खिळा ठोकायचा झाला, तरी मालकाचा लेखी कागद आधी घे. सगळेच मालक गनीसेठ नसतात.

आणि वाहेद? तो मागच्या खोलीत मुक्काम ठोकून आहे. सकाळी आम्ही दोघं सहावीतल्या कविता म्हणतो, तो माझ्यापेक्षा मोठ्यानं, कारण त्याला स्वतःचं ऐकायचं असतं. करिश्मा येऊन बघून गेली. म्हणाली, “सर, पोटभाडेकरू ठेवणं हेही घर रिकामं करायचं कारण आहे, माहीत आहे ना?” मी म्हटलं, माझा पोटभाडेकरू मालकाचा बाप आहे, कोण काढतो बघू. वाहेदला ते ऐकू गेलं नाही, पण आम्ही हसलो म्हणून तोही हसला. त्याला मी अजून मालकच म्हणतो. मुजम्मिललाही सांगितलंय, की तू मालक कागदावर. हाक मारायला तोच.

मुजम्मिलचा कागद मी त्याच संध्याकाळी वच्छलाला वाचून दाखवला. दोनदा. तिनं ऐकून घेतला, घडी घालायला सांगितली.

“हा तुमचा कागद,” ती म्हणाली. “नीट ठिवा. माहा इथं हाये.”

आणि दारापाशी जाऊन, उजव्या अंगाला, कमरेएवढ्यावर, तिनं बोट टेकवलं.

आपला,
किसन गावंडे